पेट्रोलची टाकी छोटी असलेली गॅसची पिकअप घ्यावी का?

प्रश्न असा आहे: शेतमाल वाहायला सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी छोटी पिकअप घ्यायची आहे, कोणती घेऊ? आणि पेट्रोलची टाकी ५ लिटरचीच असली तर चालेल का?

कोणती घेऊ, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी त्या ५ लिटरसाठी लिहायला बसलोय.

माझं गाव गेवराई तालुक्यात. माझ्याही गाडीला ५ लिटरचीच टाकी होती. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. शोरूममध्ये विचारलं तेव्हा पोरगं म्हणालं, "गॅसची गाडी आहे साहेब, पेट्रोल फक्त अडीअडचणीला." बरोबर थोरल्या बहिणीचे मालक, आमचे दाजी होते. त्यांनी ते वाक्य असं धरलं की विचारू नका. त्यानंतर मी पंपावर शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तरी, "पेट्रोल कशाला जाळायलास? मग गॅसची घेतलीस कशाला?"

खंडेनवमीची रात्र. हौद्यात ३२ पोती झेंडू, सगळा दाजींच्या रानातला. पहाटेच्या आत तुळजापूरला पोचायचं, व्यापाऱ्याशी ८० रुपये किलोनं बोलणं झालेलं. बीडला गॅस भरू म्हणून सिलिंडरात होता तेवढ्यावर निघालो. पंपावर गेलो तर साखळी लावलेली. गॅस घेऊन येणारी गाडीच आलेली नव्हती, कधी येईल ते कुणी सांगेना. समोरच पेट्रोलचा पंप. मी म्हणालो, "दाजी, चार लिटर टाकून घेऊ." त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडं बघितलं. शेवटची दांडी लुकलुकत होती. "हाय की अजून. एवढ्या रातच्याला कशाला खर्च, पुढं गॅस घावंल."

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना गॅस संपला. गाडी आपोआप पेट्रोलवर गेली, दीड-दोन किलोमीटर चालली, दोन गचके दिले आणि वळणावर बंद. मी उतरून चाकामागं दगड लावले. दाजी आत बसून म्हणाले, "गाडी नीट चालवत नाहीस तू."

सोलापूरकडं निघालेल्या एका टमाट्याच्या गाडीवाल्यानं कॅनमधलं तीन लिटर पेट्रोल दिलं, पैसेसुद्धा घेतले नाहीत. ते ओतलं, चावी फिरवली. सेल्फ फिरतोय, गाडी घेत नाही. त्यानंच टाकीला कान लावून सांगितलं, "मोटर मेली. गुणगुणत नाही."

ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून लांबण लावतोय. पेट्रोल वर ढकलणारी मोटर टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडवलेली असते. भोवतीचं पेट्रोलच तिला थंड ठेवतं. यातल्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर स्टार्ट होऊन मग गॅसवर जातात, म्हणजे गॅसवर फिरलात तरी मोटरला रोज काम आहेच. टाकी कायम कोरडी ठेवली की ती तापते, हवा ओढते आणि एक दिवस बसते. त्यात चढण लागली की होतं नव्हतं ते लिटरभर पेट्रोल टाकीच्या एका कोपऱ्यात जमा होतं. मोठ्या टाकीत दहा लिटर असेल तर मोटर बुडालेलीच राहते, छोटीत ती उघडी पडते. महिनाभर आधीपासून सकाळी गाडी तीन-तीन सेल्फ घेत होती. मी बॅटरीला दोष देत होतो.

उजाडल्यावर दुसरी गाडी मिळाली. पोती बदलून तुळजापूरला पोचायला अकरा वाजले. पोत्यात रात्रभर दाबलेला झेंडू आतून तापतो, हात घातला की कळतं. व्यापाऱ्यानं एक पोतं उलटं केलं आणि २० रुपये म्हणाला. दिला. मोटरचे साडेसात हजार वेगळे. बहिणीनं त्या दिवशी दोघांनाही फोनवर एकच शिवी दिली, त्यात तिचं चुकलं नाही. पण दाजी अजूनही प्रत्येक लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या, "याच्या गाडीनं माझा झेंडू बुडवला" असं सांगतात.

तर तुमचं उत्तर. छोटी टाकी घेऊ नका. मारुतीच्या सुपर कॅरी सीएनजीला पेट्रोलची टाकी ५ लिटरचीच आहे. गाडी वाईट नाही, पण ती मुळात गॅसची गाडी आहे आणि पेट्रोल म्हणजे पुढच्या पंपापर्यंतची काठी. खरोखर दोन्हींवर चालवायची असेल तर टाटाची इंट्रा व्ही२० बघा. २०२२ मध्ये आली, एक टनाचा लोड आणि पेट्रोलची टाकीही पोटभर. आली तेव्हा कंपनीनं दोन्ही मिळून ७०० किलोमीटर सांगितले होते. आपल्या रस्त्यांवर, आपल्या लोडला त्यातले किती उरतात ते एखाद्या मालकाला गाठून विचारा, शोरूमला नको.

सिलिंडरचं माप नीट समजून घ्या. ७० लिटर सांगतात ते सिलिंडरात पाणी किती मावेल त्याचं माप. गॅस किलोत येतो, आणि २०० बारचा पूर्ण दाब मिळाला तर त्यात अकरा-बारा किलो बसतो. तो दाब मिळणं हीच मराठवाड्यातली खरी अडचण. पाइपलाइनवरच्या पंपाची गोष्ट वेगळी. जिथं गॅस गाडीनं येतो तिथं मागच्या नंबरांना दाब कमी पडतो, दोन तास रांगेत थांबून सात किलो घेऊन निघायचं. मे महिन्यात दुपारी तर भरूच नका, तापलेल्या सिलिंडरात गॅस कमी बसतो. पहाटे भरा. गाडी बुक करण्याआधी एक काम करा: तुमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गॅस पंपावर स्वतः जाऊन रात्री दहाला आणि पहाटे पाचला रांग बघा. मायलेजचा आकडा त्यानंतर.

बाहेरून गॅसचं किट बसवणार असाल तर आरसी बुकावर नोंद करून घ्या, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं होणारी तपासणी, चुकवू नका. घरगुती सिलिंडरमधला गॅस म्हणजे एलपीजी, सीएनजी नव्हे; तो गाडीत भरून देणारे अजून गावोगाव आहेत. त्यांच्या दारातही उभं राहू नका.

गॅसवर चढणीला ताकद कमी पडते, प्लग लवकर जातात, हे धरूनच चला. रोज दीड-दोन टन टाकायचे असतील तर यातलं काहीच घेऊ नका, सरळ डिझेलची मोठी पिकअप घ्या. आणि हो, तुमचा फेरा घर ते मोंढा असा चाळीस-पन्नास किलोमीटरचाच असेल, मधे खात्रीचा गॅस पंप असेल, तर वर छोट्या टाकीला नको म्हणालो ते सोडून द्या. ५ लिटरचीही चालेल. फक्त ती निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका आणि आठवड्यातून पाच-सहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. एवढं मी केलं असतं तर त्याच गाडीनं झेंडू पोचवला असता. चार महिने टाकी कोरडी मीच ठेवली होती, दाजींनी नव्हे. ते फक्त त्या रात्री, समोर पंप असताना, चार लिटरला नको म्हणाले.

मोटरचं बिल गाडीच्या खणात ठेवलंय, तारखेसकट. माघात भाचीचं लग्न आहे, तिथं ते मी बरोबर नेणार आहे.