वाचकांचे प्रश्न : इंटरनेट कंपनीने ई-मेल सेवा बदलल्यावर

प्रश्न : ज्या कंपनीकडून मी अनेक वर्षे इंटरनेट घेतो, तिने आपली ई-मेल सेवा दुसऱ्या एका मोठ्या कंपनीकडे सोपवली. पत्ता तोच राहिला, पण इनबॉक्सचे रूप बदलले, जाहिराती आल्या आणि नव्या अटी मान्य केल्याशिवाय पत्रे उघडेनाशी झाली. ग्राहकांनी तक्रारींचा भडिमार केला, तर काही जणांचे म्हणणे असे की, फुकटच्या सोयीसाठी एवढी ओरड कशाला? आपले मत काय?

उत्तर : ही सोय फुकट होती असे मानणे मला पटत नाही. कंपनीचे नाव असलेला पत्ता एकदा सगळीकडे दिला गेला की ग्राहक सहसा कंपनी सोडत नाही आणि हा फायदा कंपन्यांनी वर्षानुवर्षे घेतलेला आहे. पुढे बहुतेकांकडे स्वतंत्र ई-मेल खाती आली, स्पॅम रोखण्याचा आणि सुरक्षेचा खर्च मात्र सुटला नाही, तेव्हा याच कंपन्यांना ती जबाबदारी जड वाटू लागली. न्यूझीलंडमध्ये ‘टेलिकॉम’ या फोन-इंटरनेट कंपनीने २००७ मध्ये आपली ‘एक्स्ट्रा’ ई-मेल याहूकडे दिली आणि २०१७ मध्ये, कंपनीचे नाव स्पार्क झालेले असताना, ती याहूकडून काढून घेतली. त्याच वर्षी तिथल्या व्होडाफोनने ई-मेल सेवा बंदच करून टाकली, तर अमेरिकेत व्हेरायझनने या व्यवसायातून अंग काढून घेत ग्राहकांना जुना पत्ता एओएल या ई-मेल सेवेमार्फत चालू ठेवण्याची मुभा दिली.

रागाचे मात्र दोन प्रकार केले पाहिजेत. बटणे जागेवर नाहीत, अक्षरे बारीक झाली, हा राग हाताला नवी सवय लागली की ओसरतो. दुसरा राग संमतीचा आहे आणि तो मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण ग्राहकाने विश्वासाने एका कंपनीकडे ठेवलेली खासगी पत्रे दुसरीकडे जातात आणि त्याच्यापुढे ‘मान्य आहे’ या बटणाशिवाय दुसरा मार्ग ठेवला जात नाही. त्यात बदलाची सूचना बहुधा ई-मेलनेच येते. ‘आपले खाते बंद होऊ नये म्हणून येथे क्लिक करा’ हे वाक्य कंपनीचे आहे की भामट्याचे, हे नुसत्या मजकुरावरून ओळखता येत नाही, आणि असे बदल चालू असताना भामटेही नेमकी तीच भाषा वापरतात. म्हणून त्या दुव्याला हात न लावता कंपनीचे संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडावे. सावध ग्राहकाने सूचना खोटी समजून दुर्लक्ष केले आणि त्याचे खाते अडकले, तर दोष त्याचा नव्हे.

प्रश्न : बदल झाल्यानंतर माझ्या संगणकावरील ई-मेल प्रोग्रॅममध्ये जुनी हजारो पत्रे पुन्हा उतरली. हा व्हायरस आहे का?

उत्तर : नाही. आपण बहुधा सर्व्हरवरून (कंपनीच्या पत्रे साठवणाऱ्या संगणकावरून) पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेणारी ‘पॉप’ पद्धत वापरत असाल आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय चालू असेल. प्रत्येक पत्राला सर्व्हरने दिलेला ओळखक्रमांक प्रोग्रॅम लक्षात ठेवतो आणि त्यावरून कोणते पत्र आधीच उतरवले आहे हे ठरवतो. नव्या सर्व्हरने नवे क्रमांक दिले की प्रोग्रॅमच्या लेखी सगळीच पत्रे नवी ठरतात. उतरणे पूर्ण होऊ द्यावे, सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवावी आणि मगच दुबार पत्रे काढावीत. घाईने सर्व्हरवरची पत्रे पुसू नयेत. पुढे ‘आयमॅप’ पद्धत घेतली तर पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि फोनवर व संगणकावर सारखीच दिसतात. मात्र आयमॅपने पत्रे आणि फोल्डर हलतात, पत्त्यांची वही किंवा पत्रे आपोआप वर्गीकृत करणारे नियम हलत नाहीत, म्हणून वही आधीच फाइल करून उतरवून घ्यावी. नेहमीचा पासवर्ड नाकारला गेला, तर खात्याच्या सुरक्षा विभागात अशा प्रोग्रॅमसाठी वेगळा पासवर्ड तयार करण्याची सोय आहे का ते पाहावे.

प्रश्न : वैतागून कंपनीच सोडायची आहे. पत्ता राहील का?

उत्तर : ते कंपनीच्या अटींवर अवलंबून आहे, म्हणून लेखी उत्तर घ्या आणि तोवर जोडणी तोडू नका. आधी पत्ता हलवावा, मग कंपनी. ज्या खात्यांचे विसरलेले पासवर्ड या पत्त्यावर येतात, त्यांतला पत्ता सर्वांत आधी बदलावा: बँक, कर, विमा, फोन. अशी खाती आठवत नसतील, तर जुन्या पत्रांत ‘पासवर्ड’ आणि ‘नोंदणी’ हे शब्द शोधावेत. विसरलेली बरीच सापडतात. दोन्ही पत्ते काही महिने समांतर चालू ठेवावेत. पुन्हा ही वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर स्वतःच्या नावाचे डोमेन (ई-मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) घेता येते. मग ई-मेल सांभाळणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. डोमेनचे नूतनीकरण मात्र चुकवू नका, कारण मुदत संपलेले नाव दुसरा कोणी विकत घेऊ शकतो आणि आपल्या नावे येणारी नवी पत्रे त्याच्या हाती पडू शकतात.