मानशीचं दार कुणाच्या हातात?

प्रिय बाय,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बायकांसाठी संस्था काढायचा तुझा बावीस पानांचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'सक्षमीकरण' हा शब्द 17 वेळा आलाय (मोजले, वाईट खोड आहे माझी) आणि 'उधारी' एकदाही नाही. सत्तरीतल्या बायकांच्या मालाला कोण किती देणार, रोख देणार की महिन्यानं, हे कुठंच सापडलं नाही.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दोन दिवस वाळपईच्या नाहीतर म्हापशाच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात जाऊन बस. काही शिकवू नकोस, नुसती बस. माट्टी, कांगलां, आंबाडे, तोरिंगं अशी फळं मांडून बसलेली बाई सकाळी भाव चढा सांगते आणि सांजेला उतरवते. चवथ झाली की कांगलां कुणी फुकटही नेणार नाही, हे तिला पक्कं माहीत. गाडीतून उतरलेल्याला एक भाव, ओळखीच्या वाड्यावरच्याला दुसरा. रानात कुठल्या झाडाला औंदा फळ धरलंय हेही तिलाच ठाऊक. तिला सक्षम करायला निघालोय असं तिच्यासमोर म्हणून बघ, हसेल. तिची अडचण साधी आहे: चवथ वर्षातून एकदाच येते.

आमचं काम भिरंडांपासून, म्हणजे कोकमाच्या फळांपासून, सुरू झालं. 2012 साली खाणी बंद पडल्या, डिचोली-सत्तरीत खाणींवर चालणाऱ्या ट्रकचे हप्ते घरोघरी थकले, तेव्हा आम्ही 12 जणींनी बचत गट काढला. परसातली भिरंडं होतीच. पिकलेलं फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळे करायचे, साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. सोलं (ही वाळलेली साल) काळी व्हायला हवीत, पण बोटाला किंचित चिकटायलाही हवीत. कडकडीत झाली तर आंबटपणा असतो, रस नसतो. बियांचं भिरंडेल, म्हणजे तेल, काढायचं, ते टाचांच्या भेगांना. हे सगळं त्यांना येत होतं. मला फोनवर बोलता येत होतं, म्हणून मी पुढारी झाले. हसू नकोस, बरेच पुढारी असेच होतात.

दुसऱ्या वर्षी मी एका शहरातल्या दुकानाची मोठी ऑर्डर घेतली, कुणाला न विचारता. मेअखेर माल द्यायचा होता. वळीव आधीच आला. दोघी म्हणाल्या, सोलं आतून ओली आहेत, हा माल देऊ नका, बुरशी धरणार. पण तारीख मी दिलेली, शब्द माझा. मी पाठवला. चाळीस किलो परत आला. झाकण काढलं तर वर पांढरी लव. नुकसान गटाच्या बचतीतून गेलं, म्हणजे ज्या दोघी नको म्हणत होत्या त्यांच्याही पैशातून. पुढल्या बैठकीत कुणी मला काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

आता तुझ्या 14व्या पानाकडे येते, जिथं 'निधी' लिहिलंयस. त्याआधी थोडं माहेरचं सांगते. माझं माहेर दुर्भाटचं, खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) काठावरचं. त्या बांधात पाणी आतबाहेर सोडायला लाकडी दाराची मोरी असते, ती मानस. मानशीचं दार भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून नदीत जातं. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. त्या पैशात बांधाची डागडुजी व्हायची, खेकड्यांची भोकं बुजवायची, अशी जुनी व्यवस्था. आधी गावकारी (गावाची जुनी सामायिक संस्था) बघायची, कूळ कायद्यानंतर कुळांच्या संघटना. पण लिलाव घेणाऱ्याला मासळी जास्त हवी, म्हणजे खारं पाणी आत जास्त हवं. दार जरा अडवून उघडं ठेवलं, त्याची एखादी फळी काढली की झालं. शेतात खार चढत जातो, खार सोसणारं कोरगुट भातसुद्धा शेवटी हात टेकतं. आणि लिलावाचे पैसे वेळेवर येत असतात, म्हणून बैठकीत कुणी विषय काढत नाही.

तुझा सीएसआरचा (कंपन्या समाजकार्याला देतात तो) पैसा आणि हॉटेलांच्या ऑर्डरी, दोन्ही मला या लिलावासारखे दिसतात. एकाला लाभार्थ्यांचा आकडा आणि फोटो लागतात, म्हणून तू ऐन भिरंडांच्या हंगामात प्रशिक्षणं भरवशील. दुसऱ्याला बारा महिने एकसारखा माल लागतो, म्हणून कुणाचीतरी सोलं बाहेरून आणून आपल्या डब्यात भरशील. घेऊ नकोस असं म्हणत नाही, आम्हीही घेतले. फळी कुणाच्या हातात आहे तेवढं बघ.

नोंदणीचंही त्यातच आलं. 1860च्या कायद्याखाली संस्था काढायला सात माणसं लागतात. 2013च्या कंपनी कायद्यातली कलम 8ची कंपनी तुझ्या मैत्रिणीनं काढलीय म्हणून तुलाही हवीय. दोन्हींना देणग्या घेता येतात, पण नफा सभासदांत वाटता येत नाही. सहकारी संस्थेत किंवा उत्पादक कंपनीत मालकी बायकांची, प्रत्येकीला एक मत, नफ्यात वाटा; देणगीदार मात्र तिकडे कमी फिरकतात. तेव्हा नफा कुणाचा हे आधी त्यांना विचार, वकिलाला नंतर. आणि घाई कशाला? 10 ते 20 जणींचा साधा गट बँकेत खातं काढू शकतो, कर्जही मिळतं; नाबार्डनं 1992पासून ही वाट पाडून ठेवलीय.

त्या चाळीस किलोंनंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. खात्यावर दोन सह्या, त्यातली एकही माझी नाही. आणि ऑर्डरवही बैठकीत मोठ्यानं वाचायची. बारापैकी तिघींनी 'नको' म्हटलं तर ऑर्डर नाही. पहिल्या वर्षी दोन चांगल्या ऑर्डरी त्यामुळे गेल्या, मी घरी येऊन चडफडले. वही अजून वाचली जाते.

एप्रिलच्या शेवटी ये, भिरंडं तेव्हा पिकू लागतात. बैठक रविवारी तीनला असते आणि वही वाचायचं काम नवख्या माणसाकडे. अक्षर आमच्या खजिनदारणीचं आहे, जरा सांभाळून वाच. कपडे जुने घाल, डाग जात नाही.

तुझी,
मावशी