फँटसी बास्केटबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे आपले काल्पनिक संघ, खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर स्पर्धा) एकाने एनबीएचा स्टार सेंटर निकोला योकिच देऊन तीन साधारण खेळाडू घेतले. हा ट्रेड, म्हणजे अदलाबदल, रद्द करायला मत द्यावं का?

नुसता एकतर्फी आहे म्हणून नको. साटंलोटं असेल तरच.

तोटा कुणाचा हे उघडच आहे. 2024-25 च्या मोसमात योकिचची सरासरी 29.6 गुण, 12.7 रिबाउंड आणि 10.2 असिस्ट होती. सेंटरच्या (बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या) जागेवरून इतके असिस्ट (बास्केट करून देणारे पास) देणारा दुसरा कोणी नाही, त्यामुळे नऊ कॅटेगरीच्या लीगमध्ये (गुण, रिबाउंड, असिस्ट अशा नऊ आकड्यांवर तुलना होते) ती भरपाई तीन नावांनी होत नाही. शिवाय संघ भरलेला असेल तर तिघे आले की दोघांना काढावं लागतं. हा हिशेब लोक धरतच नाहीत. उलट समोरच्याच्या दोन जागा मोकळ्या होतात, तिथे तो वेव्हरवरून (कुणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीतून) फॉर्मातले खेळाडू उचलणार.

पण देणाऱ्याचे दोन-तीन जण जखमी असतील, आठवड्याला सामनेच कमी पडत असतील, तर तीन धडधाकट खेळाडू घेणं अगदीच वेडेपणा नाही. (मी केला नसता. पण संघ त्याचा.)

आणि आपल्याकडे एनबीए म्हणजे सकाळचा खेळ. हिंजवडीच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून स्वीकारलेले ट्रेडही असतात! म्हणून कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) आधी योकिच देणाऱ्याला फोन करायला सांगा. चुकून बटण दाबलं असेल तर तो लगेच कबूल करेल. तळाला असलेल्याने योकिच आपल्याच रूममेटला दिला असेल आणि कारण विचारल्यावर हसून वेळ मारून नेत असेल, तर खुशाल विरोधात मत टाका.