एवढी शांत पोर, तिला ‘हायपर’ कसं म्हणायचं?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. डॉक्टरांनी फायलीवर ‘एडीएचडी, इनअटेन्टिव्ह प्रेझेंटेशन’ लिहिलंय. सासूबाई म्हणतात, एवढी गरीब पोर, तिला कसलं हायपर! शाळेच्या डायरीत मात्र रोज ‘ध्यान नहीं देती’. शाळेला हे नाव सांगावं, की शिक्का बसेल?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे. एडीएचडी म्हणजे ‘अटेन्शन-डेफिसिट/हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’, लक्षाची कमतरता आणि चळवळेपणा; ‘इनअटेन्टिव्ह प्रेझेंटेशन’ म्हणजे त्यातला नुसतं लक्ष न लागण्याचा प्रकार. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९६८ च्या निदानपुस्तिकेत या स्थितीला नाव होतं ते चळवळेपणावरूनच. १९८० मध्ये लक्ष हा मुख्य मुद्दा ठरला आणि चळवळेपणासह व त्याविना असे दोन प्रकार मानले गेले. १९८७ मध्ये चळवळेपणा पुन्हा थेट नावात शिरला. १९९४ पासून नुसतं लक्ष न लागण्याचा प्रकार परत वेगळा धरतात, पण नाव काही बदललं नाही. त्यामुळे बाकावर चढणारा मुलगा डॉक्टरांपर्यंत लवकर पोचतो. खिडकीशी गप्प बसलेली मुलगी राहून जाते.

नावातल्या ‘डेफिसिट’नं तर याहून नुकसान केलंय. या मुलांकडे लक्ष कमी असतं असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं जड जातं. आवडीचं किंवा नवं काम लक्ष आपसूक खेचून घेतं. कंटाळवाण्या कामाकडे ते स्वतः ढकलावं लागतं, आणि अडतं तिथेच. म्हणून चित्र काढताना दोन तास न उठणारी मुलगी गणिताच्या तिसऱ्या ओळीत हरवते. घरचे म्हणतात, ‘मनात आणलं की येतं की!’ तिथून ‘आळशी’ चिकटायला वेळ लागत नाही. आमच्या मते खरा शिक्का हाच, आणि तो निदानाआधीच बसलेला असतो.

शाळेला सांगा, पण नुसता डॉक्टरांचा कागद देऊ नका. तो फायलीत जातो आणि बाईंच्या लक्षात ‘डिसऑर्डर’ एवढंच राहतं. एक पानी पत्र लिहा, बाई हिंदीत वाचत असतील तर हिंदीतच. निदान एका ओळीत. मग वर्गात नेमकं काय होतं ते : तीन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच लक्षात राहते, फळ्यावरचं उतरवताना ओळी सुटतात. मग मागणी : पुढचा बाक, दार-खिडकीपासून लांब, एका वेळी एकच सूचना, सुटताना डायरीवर बाईंची नजर. याहून जास्त मागू नका, चाळीस मुलांच्या वर्गात ते टिकत नाही. दीड महिन्यानं जाऊन विचारा, यातलं काय जमलं.

त्याआधी डॉक्टरांना एक विचारून घ्या : शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती का? मुलांमध्ये लक्ष न लागण्याच्या नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने, घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी, आणि सुरुवात बाराव्या वर्षाआधीची, असा निकष आहे. नुसत्या घरच्या सांगण्यावर तो पुरा होत नाही. डोळे, कान आणि झोप हेही तपासलेलं हवं.

परीक्षेत सवलत हवी असेल तर ध्यानात घ्या : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमता मात्र आहे. वाचन-लेखनातही अडचण दिसत असेल तर या अक्षमतेची चाचणी वेगळी करून घ्या.

प्रश्न : वय ३४. एक डॉक्टर एडीडी म्हणतात, दुसरे एडीएचडी. दोन आजार आहेत का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही, एडीडी (अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर) हे १९८० चं नाव, जुन्या सवयीनं अजून तोंडात बसलेलं. सतरा वर्षं आणि त्यापुढे सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात, पण ती लहानपणापासूनची असावी लागतात. पुढच्या वेळी जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. गुणांपेक्षा शेऱ्यांचा रकाना डॉक्टरांच्या जास्त कामाचा.