जमीन तुमचीच राहील, पण आधी बँकेची सही घ्या

प्रश्न : आम्ही व्हर्जिनियात राहतो. २०११ मध्ये ब्लू रिजच्या पायथ्याशी ६० एकर कुरण घेतलं. बिल्डर मागे लागलेत, पण आम्हाला तिथे प्लॉट पाडायचे नाहीत. शेजारी म्हणतो, कॉन्झर्व्हेशन ईझमेंट करा, भरपूर टॅक्स वाचेल. जमिनीवर कर्ज आहे. पुढे मुलीला तिथे घर बांधायचंय. साताऱ्याच्या शेतालाही असं करता येईल का?

उत्तर : शेजाऱ्याचं खरं आहे, पण त्याने कर्जाचा विचार केलेला दिसत नाही.

ईझमेंटमध्ये तुम्ही जमीन देत नाही. तिचे तुकडे पाडण्याचा, तिथे वस्ती उभारण्याचा हक्क सोडता आणि त्यावर लक्ष ठेवायचा अधिकार एखाद्या लँड ट्रस्टला (जमिनी राखणाऱ्या संस्थेला) किंवा व्हर्जिनिया आउटडोअर्स फाउंडेशनसारख्या संस्थेला देता. गुरं चारा, गवत कापा, उद्या विका, काही अडत नाही. सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखं हे बंधन जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातं. फरक एवढाच की हा बोजा कधी उतरत नाही.

सोडलेला हक्क दान धरला जातो आणि त्याची किंमत करपात्र उत्पन्नातून वजा होते. ही वजावट मिळते ती या ‘कायमचं’ असण्यावरच. उद्या हप्ते थकले आणि बँकेने जमीन लिलावात काढली, तर आधीच्या गहाणापुढे ईझमेंट टिकत नाही. म्हणून आपला हक्क ईझमेंटच्या मागे राहील असं बँकेने लिहून द्यावं लागतं, आणि तेही ईझमेंट देण्याआधी. कोलोरॅडोतल्या मिशेल खटल्यात दान २००३ चं होतं आणि बँकेचा कागद २००५ चा. हप्ते थकायची शक्यता नगण्य होती, तरी २०१५ मध्ये अपील कोर्टाने वजावट नाकारली. बँका अशा सहीला महिनोन् महिने लावतात. करवर्ष संपतंय म्हणून डिसेंबरात घाई करून डीड (ईझमेंटचा दस्त) नोंदवू नका.

आता आकडे. समजा, आज जमिनीची किंमत ९ लाख डॉलर आणि बंधनानंतर साडेपाच. दानाची किंमत साडेतीन लाख. व्हर्जिनिया त्याच्या ४० टक्के, म्हणजे १ लाख ४० हजारांचं क्रेडिट, म्हणजे थेट कराच्या रकमेत सूट, राज्याच्या करात देतं. एका वर्षात किती वापरता येईल याला मर्यादा आहे, पण उरलेलं पुढे नेता येतं, विकताही येतं. शेजारी बहुधा इथवरच सांगत असेल. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमानुसार हे क्रेडिट दानातून वजा होतं, म्हणून तिथे वजावट उरते २ लाख १० हजारांची. ती वर्षाला समायोजित उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत घेता येते, उरलेली पुढची १५ वर्षं. उत्पन्न १ लाख ६० हजार असेल तर तीन वर्षांत संपेल. निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीचं असलेल्यांना मर्यादा १०० टक्के आहे, पण तुम्ही दोघं नोकरदार असाल तर ते विसरा. स्टँडर्ड डिडक्शन (तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेतलंत तर यातलं केंद्राचं काहीच मिळणार नाही.

मुलीच्या घराची जागा डीडमध्येच नकाशासह राखून ठेवा. नंतर ती घालता येत नाही म्हणूनच समजा. तेवढी दानाची किंमत कमी होईल, होऊ द्या. अप्रेझल (जमिनीचं तज्ज्ञाकडून मूल्यांकन) दानाच्या आधी ६० दिवसांहून जुनं नको. आकडा ५ लाखांवर गेला तर पूर्ण अप्रेझल फॉर्म ८२८३ (वस्तुरूप दानाचा कर-फॉर्म) सोबत रिटर्नला जोडावं लागतं. अप्रेझर तुमचा तुम्ही निवडा. फी वजावटीच्या टक्केवारीत मागणारा असेल तर दारातूनच परत पाठवा. ‘भागीदारीत पैसे घाला, चौपट वजावट घ्या’ म्हणणाऱ्यांनाही तोच न्याय. घातलेल्या पैशाच्या अडीचपटीहून मोठ्या अशा बहुतेक दाव्यांची वजावट डिसेंबर २०२२ च्या कायद्याने बंद केली आहे.

साताऱ्याच्या शेताला हे लागू नाही. १८८२ च्या भारतीय कायद्यातला सुविधाधिकार (तिथलं ईझमेंट) एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. शेजारी जमीन नसलेल्या संस्थेला तो देता येत नाही. शिवाय भारतीय आयकरात वस्तू किंवा हक्काच्या दानाला वजावट नाही, पैशाच्याच दानाला आहे.