लेख आहे, पण शोधात सापडत नाही

प्रश्न : सायकल दुरुस्तीविषयी मी वर्षभर माझ्या संकेतस्थळावर लिहीत आहे. चेन वारंवार का पडते, यावरचा ‘एक त्रासदायक अनुभव’ हा लेख परिचितांना फार उपयोगी वाटला. परंतु गूगलवर तो दिसत नाही. पैसे भरल्यास ‘एसईओ’ करून महिन्याभरात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी देणारे ईमेल मात्र येत असतात. एसईओ म्हणजे नेमके काय, आणि मला त्याची गरज आहे का?

उत्तर : गरज आहे, मात्र त्या ईमेलवाल्यांची नाही. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ, म्हणजे आपले पान शोधयंत्राला सापडेल, समजेल आणि योग्य शोधाच्या उत्तरात दाखवण्याजोगे वाटेल, अशा रीतीने त्याची मांडणी करणे. आपण शोध घेतो तेव्हा गूगल त्या क्षणी सारे इंटरनेट चाळत नाही. त्याचे क्रॉलर, म्हणजे आपोआप पाने वाचणारे प्रोग्राम, एका दुव्यावरून (लिंकवरून) दुसऱ्या दुव्यावर जात पाने आधीच वाचून ठेवतात, त्यांची सूची तयार होते आणि उत्तरे त्या सूचीतूनच निवडली जातात. तेव्हा आपला लेख या सूचीत आहे का, हे प्रथम पाहावे. ‘सर्च कन्सोल’ या गूगलच्या मोफत साधनात ते कळते. संकेतस्थळ तयार होत असताना घातलेली ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान सूचीत घेऊ नका’, ही सूचना काढायची राहून गेल्यास उत्तम लेखही सूचीबाहेर राहतो.

माझ्या मते तुमची खरी अडचण शीर्षकात आहे. ज्याची चेन पडते तो ‘सायकलची चेन सारखी पडते’ असे टाइप करतो. ‘एक त्रासदायक अनुभव’ हे शब्द त्याच्या मनातही येत नाहीत. शोधणाऱ्याचे शब्द शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात सहजपणे यायला हवेत. तेच शब्द वीस वेळा कोंबणे मात्र वाचकावर अन्याय करणारे आहे, आणि गूगलच्या नियमांनुसार ते स्पॅम ठरते.

दुव्यांचे महत्त्व जुने आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हा जणू कौल मानला गेला, आणि महत्त्वाच्या पानाच्या कौलाला अधिक वजन मिळाले. त्यातून दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, म्हणून गूगलने आपल्या शोधपद्धतीत केलेल्या 2012 च्या ‘पेंग्विन’ बदलाने अशा बनावट दुव्यांना लक्ष्य केले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. जाहिरातीसाठी पैसे भरल्यानेही मूळ निकालांतला क्रमांक सुधारत नाही.

हा खटाटोप मोलाचा वाटतो तो अशासाठी, की शोधातून येणारा माणूस अडचणीच्या ऐन क्षणी, काळे झालेले हात पुसून तुमच्याकडे येतो, आणि लेख जुना असला तरी तो त्याच्या उपयोगी पडतो. सुरुवात चेनच्या लेखापासूनच करावी: शीर्षक बदलावे आणि आपल्या इतर लेखांतून त्याला दुवा देताना ‘येथे पाहा’ असे न लिहिता ‘सायकलची चेन का पडते’ असे लिहावे. परिणाम दिसायला काही आठवडे, प्रसंगी काही महिनेही लागतात. तोवर शीर्षक पुन्हा पुन्हा बदलू नये.