लहानपणी काढलेले निष्कर्ष

प्रिय मित्रा,

हलाखीतून उद्योजक घडतो, असं तू ऐकलं असशील. मला ते अर्धंच पटतं. एकाच घरातल्या हलाखीतून एक भाऊ उधळा निघतो, दुसरा चिक्कू. फरक पाडतो तो त्या वयात मनाशी बांधलेला निष्कर्ष. तो पुढे कितीतरी वर्षं, कुणी तपासल्याशिवाय, तुझ्या वतीने निर्णय घेत राहतो.

हॉवर्ड शुल्ट्झ लहान असताना, 1961 मध्ये, वडील कामावर जायबंदी झाले. आरोग्य विमा नव्हता, मिळकत थांबली. 1988 मध्ये शुल्ट्झ चालवत असलेल्या स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीने अर्धवेळ कर्मचाऱ्यांनाही आरोग्य विमा लागू केला. पण संचालकांपुढे त्यांनी नुसती कळकळ मांडली नाही. माणूस सोडून गेल्यावर नवा शिकवायला किती खर्च येतो, तो हिशेबही ठेवला. पॅनासॉनिक या जपानी कंपनीचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांच्या वडिलांचा पैसा तांदळाच्या सट्ट्यात बुडाला आणि नवव्या वर्षी मुलगा ओसाकात शेगड्यांच्या दुकानात कामाला लागला. पुढे 1929 च्या मंदीत मात्सुशितांनी आपल्या कंपनीचं उत्पादन निम्म्यावर आणलं, काम अर्धा दिवस ठेवलं, पगार मात्र पूर्ण दिला. कुणालाही काढलं नाही. साठलेला माल खपवायला सगळ्यांना बाहेर पाठवलं.

आता तुझं. कागदावर तीन रकाने आख. पहिल्यात वयाची पंधरा वर्षं पूर्ण होण्याआधीचे पाच प्रसंग. दुसऱ्यात तेव्हा तू मनात काय ठरवलंस ते. तिसऱ्यात गेल्या वर्षभरातला असा निर्णय, ज्यात ते डोकावतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग सोडून दे, ती नुसती आठवण आहे. गडबड होते ती दुसऱ्या रकान्यात, कारण तिथे आजची शहाणी भाषा घुसते. ‘काटकसरीचं महत्त्व कळलं’ असं लिहू नकोस. ‘पैसे मागितले की अपमान होतो’ असं लिही.

कारण हेच वाक्य पुढे धंद्यात नडतं. असा माणूस थकबाकीदाराला फोन करायचं टाळतो. कागदावर नफा दिसतो आणि पगाराच्या तारखेला खात्यात रोकड नसते. ‘कुणावर विसंबू नये’ हा निष्कर्ष सुरुवातीला, चार-पाच माणसं असेपर्यंत, फायद्याचाच ठरतो. व्याप वाढला की प्रत्येक सहीसाठी काम तुझ्यापाशी अडतं आणि चांगली माणसं कंटाळून निघून जातात. लहानपणी चुकीला फक्त मार मिळाला असेल, तर वाईट बातमी ऐकताना तुझा चेहरा बदलतो. लोक ते हेरतात आणि बातमी उशिरा आणतात.

मूल्यांचंही तसंच. ज्यासाठी कधी पैसा सोडला नाही, त्याला मी मूल्य म्हणत नाही, ती आवड. ‘प्रामाणिकपणा’ एवढंच लिहून कुणाला काही कळत नाही. कोणी, किती वेळात, किती नुकसान सोसून, हे लिही: ‘माल सदोष आढळला तर 24 तासांत ग्राहकाला आपणहून कळवायचं, ऑर्डर गेली तरी चालेल.’

बालपण सुखात गेलं असेल तर खंत नको. सहा महिने विक्रीत किंवा तक्रार निवारणात काढ, जिथे लोक तोंडावर नकार देतात. उशिरा शिकता येतं, फक्त जास्त टोचतं.

दुसरा रकाना भावंडाला दाखव, तिसरा तुझ्या हाताखाली काम केलेल्या कुणाला. त्यांनी काही खोडलं तर लगेच वाद घालू नकोस; महिनाभर स्वतःचे निर्णय तारखेनिशी टिपून ठेव आणि मग कागद पुन्हा काढ.

तुझा हितचिंतक